स्पीकर

"गिअर पडत नाहीये," मृणाल म्हणाली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतंच गुरगुरत होतं. भर हायवेवर गाडी मंदावत चालली होती आणि मागचा ट्रेलर हॉर्न सोडायला तयार नव्हता.

"क्लच पूर्ण दाब! किती वेळा सांगायचं? वर्षभरात गिअरबॉक्सची वाट लावलीस तू!" मी ओरडत राहिलो. तिनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि उरलेल्या वेगावर गाडी अलगद कडेला आणून उभी केली. मग हँडब्रेक ओढला. मागच्या सीटवरून आमची लेक हे सगळं बघत होती.

मी आमच्या मेकॅनिकला, रझाकभाईंना फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर सुरू केला. हिलाही ऐकू दे.

"साहेब, मी गेल्याच महिन्यात म्हटलं होतं, आवाज बरोबर नाही, गिअरबॉक्स उघडून बघू," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, गाडीत काही दोष नाही, बायकोला चालवता येत नाही."

मृणाल समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. रझाकभाई "हॅलो, साहेब?" करत होते.

शेवटी मागून लेकीनं हात पुढे केला आणि स्पीकर बंद केला.