केरसुणी

तेल्हाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारे कमलाकांत मास्तर सत्तावन्न साली एका परदेशी पथकाबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले. पोरांना शिकवायचं ते आधी स्वतः पाहायचं, हा त्यांचा हट्ट. घरातून प्रेत नेलं की मागून लगेच केर काढतात, म्हणून प्रवासाला निघालेला माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नसतं. बायको तारानं म्हणून आधीच सांगितलं, तुम्ही पोचेपर्यंत मी केर काढणार नाही. मास्तर हसले. "खुळी समजूत आहे. मी निघालो की लगेच झाडून घे."

टांगा दिसेनासा झाला. नवऱ्याचा शब्द मोडवेना, म्हणून तिनं दारामागं चाचपलं. केरसुणी नव्हतीच.

शेजारच्या इंदूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "माह्याजवळ देऊन गेले मास्तर. म्हणे, पोचल्याची तार आल्याबिगर तिले देऊ नका."