पाटी कुणाच्या गळ्यात

"घरी मी इंग्रजी बोलतो, मॅडम."

"आणि तुझी आजी?"

"आजीपण इंग्रजीच, मॅडम."

कबाहेंडा मॅडमनी कपाळावर हात मारला. रुसोकेची आजी फोर्ट पोर्टलच्या बाजारात केळ्यांचे घड विकायची. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा उद्धार ती कोणत्या भाषेत करते, हे अख्ख्या बाजाराला पाठ होतं.

"मग तुमची गायसुद्धा इंग्रजीतच हंबरत असेल!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष रुसोकेच्या गळ्यातल्या लाकडी पाटीकडे होतं. शाळेत घरची भाषा बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची, आणि त्याने दुसऱ्या कुणाला पकडलं तरच उतरायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात उरेल, त्याने संडास धुवायचे.

या पाटीपायी पोरं इंग्रजीतही मुकी झालीत, म्हणून मॅडम सकाळीच हेडमास्तरांशी भांडल्या होत्या. "आजच्या तासाला एका पोराकडून घरचा एक शब्द वदवून दाखवा," ते म्हणाले होते, "पाटी चुलीत घालतो."

तास संपत आला होता.

"घरचा एक आवडता शब्द सांगा. त्याचा अर्थ मला इंग्रजीत समजावून द्या, बस. शिक्षा नाही. शपथ!"

पोरं ढिम्म. एवढ्याशा जिवांना इतकं गप्प बसता येतं याचाच मॅडमना संताप आला. त्यांनी तरातरा जाऊन रुसोकेच्या गळ्यातली पाटी काढली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"घ्या! आता ही माझ्याकडे. बोला बिनधास्त!"

पोरं बाकांवर आणखीच मागे सरकली. दोघींनी तर तोंडावर हात दाबून धरले. मॅडमना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. ज्याच्या गळ्यात पाटी, तोच दुसऱ्याला पकडायला टपलेला असतो. आपणच आपल्या हाताने सगळ्यावर पाणी फिरवलं, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

व्हरांड्यात हेडमास्तरांचे बूट वाजले.

पहिल्या बाकावरची बसेमेरा उठली. ही पोरगी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. ती टेबलापाशी आली आणि तिने मॅडमना त्यांच्या लाडाच्या नावाने हाक मारली. त्या भागात असं नाव प्रत्येकाला असतं, घरीदारी त्याच नावाने बोलावतात. शाळेत मात्र ते कुणी तोंडातून काढत नाही.

"अब्वोली," ती घरच्या भाषेत म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्याने, "तुम्ही नका ना संडास धुऊ."

आणि तिने मान वाकवून पुढे केली.