लांबची लेन्स

"ही नको," म्हणत बुरुल एजेंनी आसिलगुलच्या हातातली पस्तीसची लेन्स काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

काउंटरवर आता दोनच उरल्या. एक साधी पन्नासची. दुसरी हातभर लांब, समोरच्या डोंगरावरची मेंढरं मोजता येतील अशी.

"पण नवरीच्या जवळ जायचं तर पस्तीसचीच लागेल ना, एजे?" एजे म्हणजे थोरली ताई. नारीन गावात सगळेच त्यांना तसं म्हणत. तीस वर्षं गावातलं एकही मोठं लग्न त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय लागलं नव्हतं.

"जवळ जायचंच कशाला? जवळ गेलं की माणसं तोंड सावरून बसतात. तू मागच्या खांबापाशी उभी राहा आणि लांबून टीप. फोटो कोण काढतंय ते कुणाला कळताच कामा नये."

आसिलगुलने मान हलवली. चार वर्षं ती या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापत होती. गेल्या आठवड्यात एजे सहज म्हणावं तसं म्हणाल्या होत्या, "शनिवारचं लग्न तुझं. मुलीच्या बापाशी बोललेय मी." त्या संध्याकाळी आसिलगुलच्या आईने परातभर बोर्सोक, म्हणजे आनंदाच्या प्रसंगी करायचे कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि गल्लीत घरोघरी वाटले. माझी मुलगी लग्नाचे फोटो काढणार आहे, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं.

शनिवारी दुपारी हॉल भरला. आसिलगुल खांबापाशी उभी होती. लांबच्या लेन्समधून नवरीच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. एजेंचं बरोबर होतं, असं तिला वाटलं. आता सासू पुढे येऊन सुनेच्या डोक्यावर पांढरा रुमाल घालणार होती. सगळ्या लग्नात हाच फोटो महत्त्वाचा.

तेवढ्यात दार उघडलं आणि मखमली कोट घालून बुरुल एजे आत आल्या. गळ्यात कॅमेरा होता. कॅमेऱ्याला पस्तीसची लेन्स होती.

मुलीचा बाप उठून उभा राहिला. सूत्रसंचालकाने गाणं थांबवून माइक तोंडाशी धरला. "मंडळी, आपल्या लेकीचे फोटो काढायला खुद्द बुरुल एजे आल्यात." टाळ्या पडल्या. एजे नवरीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा फ्लॅश चमकायला लागला.

नवरीची आत्या आसिलगुलपाशी आली. "तू त्यांची मदतनीस ना गं? जरा सरक. ताटं न्यायची वाट आहे ही."

आसिलगुल सरकली. तिचे कान तापले होते. कॅमेरा बॅगेत टाकावा आणि सरळ घरी जावं, असं तिच्या मनात आलं. पण समोर नवरीची आई रडू येऊ नये म्हणून स्वतःच्याच मनगटाला चिमटा काढत होती. ते तिच्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. तिने कॅमेरा वर केला. मग रुमाल धरलेले सासूचे हात फोटोत आले. रुमालाखाली नवरीने डोळे मिटले, तेही आलं. आजोबांनी आशीर्वादासाठी ओंजळ धरली, तेव्हा त्यांच्या बोटांमधून दिव्याचा उजेड गळत होता. संध्याकाळपर्यंत तिने खाली बसूनही घेतलं नाही.

घरी आईने विचारलं, "कसं झालं?"

"झालं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत गेली ते लेन्स परत करून काम सोडायचं ठरवूनच. एजे चहा पीत बसल्या होत्या.

"नवरीचा चेहरा नीट आलाय?" त्यांनी विचारलं.

"बघा ना." आसिलगुलने पडद्यावर फोटो उघडले.

एजेंनी मान वळवली नाही. त्या कपाकडेच तोंड करून बसून राहिल्या.

"तुमचेही द्या. एकत्र करून देते आणि निघते."

एजेंचा कॅमेरा टेबलावरच होता. आसिलगुलने तो उचलला आणि कार्डाचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"कार्ड कुठंय?"

"घातलंच नव्हतं."

आसिलगुलला आधी कळलंच नाही.

"दोन हिवाळे झाले," एजे म्हणाल्या. "डोळ्यांच्या मधोमध काळा डाग बसलाय. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तोच दिसत नाही. काल नवरीपासून दोन हातांवर होते मी. तिला चेहराच नव्हता."

"मग लग्न माझं आहे असं का सांगितलंत?"

"तुझं वाटलं म्हणून तू जीव ओतून फोटो काढलेस. आणि लोकांना मी दिसले." त्यांचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. "फोटोंवर शिक्का स्टुडिओचाच असतो."

"माझ्या आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, एजे."

एजेंनी कप खाली ठेवला. बशी चुकली. चहा टेबलावर सांडला आणि तो कुठवर गेला, हे त्या बोटांनी चाचपू लागल्या. आसिलगुलने फडकं आणून टेबल पुसलं.

"पुढच्या शनिवारी अत-बाशीला लग्न आहे," एजे हळूच म्हणाल्या. "मी हो म्हणून बसलेय. येशील?"

चार वर्षांत एजेंनी तिची मर्जी विचारण्याची ही पहिलीच वेळ.

आसिलगुलने दोन्ही लेन्सना झाकणं लावली, त्या काउंटरवर ठेवल्या आणि कोट चढवला. दारापाशी जाऊन ती थांबली.

"डोळ्यांचं आधीच सांगितलं असतंत ना, एजे, तर आयुष्यभर आले असते."