फोटोंचं फोल्डर

लेकीने आपला लॅपटॉप वायरने आईच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला आणि फोटोंचं अख्खं फोल्डर ओढून घेतलं. त्याच फोल्डरमध्ये आईने लॅबने पाठवलेला कॅन्सरचा रिपोर्ट दडवला होता. लेकीला कळलं, तर ती नोकरी सोडून उशाशी येऊन बसली असती.

"निवडून घे गं, निम्मा कचराच आहे त्यात."

"असू दे. तुझा कचराही हवाय मला."

एकेक फोटो सरकू लागला. आई जीव मुठीत धरून बघत राहिली. अचानक सगळं थांबलं आणि रिपोर्टच्या नावाखाली लॅपटॉपची एक सूचना झळकली. लेकीने झटकन पडद्यावर हात धरला, पण आईने तोवर वाचलं होतं.



"ही फाइल या लॅपटॉपवर आधीपासूनच आहे."