सहातली पाच अर्धवट

"आणि शेवट?" ग्रंथपालांनी विचारलं.

समोरच्या बाईंनी मान हलवली. "शेवट माहीत नाही, सर."

हे चौथं पुस्तक. ग्रंथपालांनी त्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारली आणि नजर एक ओळ वर नेली. त्यांची मुलाखतीची रीत ठरलेली होती. उमेदवाराने मागच्या दोन वर्षांत वाचलेली आवडती पुस्तकं कागदावर लिहायची. ग्रंथपाल तो कागद तळापासून वाचत जायचे, कारण लोक खरी पुस्तकं वर लिहितात आणि थापा खाली. मग प्रत्येकाचा शेवट विचारायचे. मलपृष्ठ वाचून कथानक सांगता येतं, ऐकीव गोष्टींवर कौतुकही करता येतं. शेवटासाठी मात्र पुस्तकच वाचावं लागतं. याआधीच्या सहायकाने तीन वर्षं वाचकांना नुसती मलपृष्ठं ऐकवून पगार घेतला होता. तेव्हापासून ग्रंथपाल ताकही फुंकून पीत.

"पाचवं. घड्याळं दुरुस्त करणारे तीन भाऊ."

बाईंचा चेहरा उजळला. मधला भाऊ एका विधवेचं घड्याळ मुद्दाम थोडं मागे ठेवतो, म्हणजे ती पुन्हा दुकानात येईल. ती येते, भांडते, घड्याळ घेऊन जाते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. बाई हे सांगू लागल्या तेव्हा ते भांडण टेबलावर मांडल्यासारखं दिसू लागलं. वाचनालयाच्या मंडळाचे चिटणीस खरं तर चहापुरते येऊन बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग? होतं का त्यांचं लग्न?"

"नाही ठाऊक. मी दोनशे बाराव्या पानापर्यंतच गेले."

"कमाल करता बुवा! इतकं रंगात आलेलं सोडवतं कसं तुम्हाला?"

ग्रंथपालांना मनापासून राग आला. थापाड्या उमेदवार निदान तयारी तरी करून येतो. बाईंचा अर्ज समोरच होता. पुढच्या महिन्यात त्या वयाची अट ओलांडणार होत्या, आणि मग कुठल्याच वाचनालयाचं दार त्यांना उघडणार नव्हतं. वाईट वाटत होतं, पण वाईट वाटतं म्हणून कुणाला नोकरी द्यायची नसते.

"बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सहातली पाच अर्धवट. सहावं मी विचारतही नाही. वाचकाला अर्धी गोष्ट सांगून वाऱ्यावर सोडणारं माणूस मला नको. धरसोड करणाऱ्याचं हे काम नाही." पेन्सिल बाईंच्या नावाकडे निघाली.

"मी नाही सोडली, सर." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"मग काय, पुस्तकांनी तुम्हाला सोडलं?" चिटणीस हसले.

"ऐकणाऱ्यांनी."

अर्जात 'वाचून दाखवण्याचं काम' एवढंच होतं. कुठे, ते लिहिलं नव्हतं. आता त्यांनी सांगितलं. शहराच्या टोकाला एक रुग्णालय आहे. उपचारांचा उपयोग उरला नाही की माणसाला तिथे आणतात आणि फक्त दुखणं कमी करतात. सोळा खाटा. बाई रोज दुपारी दोन तास वाचून दाखवायच्या. पुस्तक पेशंटने निवडायचं. कुणाची वीस पानं व्हायची, कुणाची दोनशे.

चिटणिसांचं हसू जागच्या जागी विरलं.

"पण नंतर घरी पूर्ण करता आलं असतं," ग्रंथपाल म्हणाले. आवाज खाली आला होता, तरी जित्याची खोड.

"आलं असतं. ते घड्याळवाल्यांचं दोनदा हातात घेतलंसुद्धा. पण पुस्तक त्या आजोबांनी निवडलेलं. त्यांना दोनशे बाराव्या पानावर ठेवून आपण एकटीनेच पुढे जायचं? नाही झालं मन."

"हे अर्जात का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं तर तुम्ही शेवट विचारलेच नसते, सर. दया म्हणून घेतलं असतं, नाहीतर दया म्हणून टाळलं असतं. मला आता थकायला होतं हो. पुस्तक न्यावं, वाचावं आणि परत आणून द्यावं, अशी माणसं मला हवी आहेत. म्हणून आले."

ग्रंथपालांनी खोडरबर शोधलं. पाचही फुल्या खोडल्या. बाईंच्या नावापुढे 'नेमणूक' असं लिहिलं आणि सही केली. चिटणीस बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

कागदावर एकच नाव राहिलं होतं, सगळ्यात वरचं. ते वाचून ग्रंथपालांच्या कपाळाला आठी पडली. सुरा आणि पिवळी मोटार असं मुखपृष्ठ असलेली ती रहस्यकथा त्यांनी स्वतःच्या हाताने रद्दीत काढली होती.

"हे? हे सगळ्यात आवडतं? अहो, खून माळ्याने केलाय हे दहाव्या पानावर शेंबड्या पोरालाही कळतं!"

"माळ्याने नाही, सर. वकिलाने. शेवटच्या पानावर कळतं."

ग्रंथपाल गोरेमोरे झाले. ते स्वतः दहाव्या पानापुढे गेले नव्हते.

"बरं, वकील तर वकील. पण आवडण्यासारखं काय आहे त्यात?"

"काही नाही. रद्दीच आहे," बाई हसल्या. "पण ते शेवटचं पान तिथल्या एका आजींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि आपली पिशवी आपणच उचलून, चालत घरी गेल्या."