चिमणीची छत्री

‘चिमणी’ची हवाई छत्री तिसऱ्यांदाही उघडली नाही आणि ते बोटभर जाडीचं रॉकेट शाळेच्या मैदानात नाकावर आपटलं. शाळेसाठी असे रॉकेटचे संच घ्यायचे का, ते पाहायला बसलेल्या मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. “आता एकदाच. नाहीतर आम्ही परदेशी संच मागवतो.”

सूतगिरणीसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या वळता वळता पद्माक्कानं अकरा वर्षांपूर्वी रॉकेटचे संच करायला घेतले होते. आधी ‘घार’, मग ‘टिटवी’, आता सगळ्यांत धाकटी ‘चिमणी’. ही पडली तर कारखान्याला कुलूपच.

तिचा इंजिनीअर लेक श्रेणिक प्लॅस्टिकची छत्री पिळून नळीत कोंबत होता.

“वाती वळतोयस होय रे?”

“आई, पुस्तकात अशीच दिलीय.”

“मग पुस्तकच उडव.”

तिनं छत्री ओढून घेतली, चिकटू नये म्हणून चिमूटभर पावडर भुरभुरली, नऊवारीच्या चापतात तशा बारीक निऱ्या चापल्या आणि घडी नळीत अलगद सोडली.

‘चिमणी’ सणसणत वर गेली, ठिपका झाली. एक निरी सुटली, मग सगळ्याच. लाल छत्री डुलत डुलत मैदानात उतरली आणि पोरांनी एकच गिल्ला केला.

“चारशे संच पाठवा,” मुख्याध्यापक उठून म्हणाले. “आणि मुलांना ही घडी शिकवायला तुम्हीच या, बाई.”

“येते की. चौथीत नापास झाले नि शाळा सुटली माझी, तेवढी भरून काढते.” पद्माक्कानं पदर खोचला आणि लेकाकडं वळली. “तू पहिल्या बाकावर बस.”