रोज चार मिनिटं आधी

रघुवीरनं कानावरचा हेडफोन काढला आणि वहीत लिहिलं : आठ वाजून चार मिनिटं.

काल आठ वाजून आठ होती. परवा आठ-बारा. खरखर आजही चुकली नव्हती.

पासली गावात शेतकरी रखमाजीच्या गोठ्याच्या पोटमाळ्यावर तो महिनाभर लपून होता. बेचाळीसच्या ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले आणि मुंबईहून कुणीतरी चोरून, रोज रात्री साडेआठला, रेडिओवर बातम्या देऊ लागलं. रघुवीरनं, भोरच्या कारकुनाच्या या पोरानं, स्वतः जोडलेल्या रेडिओवर त्या उतरवून घ्यायच्या. सकाळी गावातल्या ठकुबाईनं ते कागद नाचणीच्या टोपलीत दडवून वेल्ह्याला चळवळीतल्या सावळारामकडं पोचवायचे. तिथून ते गावोगाव जायचे. रेडिओची तार गोठ्यावरून समोरच्या डोंगरातल्या खिंडीच्या रोखानं ताणली होती. गावाला सांगायला, रघुवीर म्हणजे हवापालटाला आलेले मास्तर.

खरखर सुरू झाली पितृपक्षात. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज, ना शब्द ना सूर. तासभर राहायची आणि आपोआप विरून जायची. पहिल्या दिवशी ती ठीक नऊला आली. मग रोज चार मिनिटं आधी. आठव्या दिवशी ती बातम्यांवरच चढून बसली. तेव्हापासून ठकुबाईच्या टोपलीत फक्त नाचणी जात होती.

चोरटे रेडिओ हुडकणाऱ्या सरकारी मोटारी फिरतात, हे रघुवीरनं ऐकलं होतं. इतक्या नेमानं चालणारं म्हणजे यंत्रच. ते रोज थोडं थोडं जवळ येतंय, असं त्याला वाटू लागलं. स्वतःच्या तुरुंगाचं त्याला एवढं वाटत नव्हतं. पण रखमाजीच्या घराला कुलूप लागलं असतं, आणि त्याच्या घरात तीन लहान पोरं होती.

खबर दिली कुणी?

पोटमाळ्याच्या झरोक्यातून समोरचं भाताचं खाचर दिसायचं, आणि खाचरातल्या मचाणावर बसलेला चिमाजी. भात लोंब्यांवर आलं, रानडुकरं उतरायला लागली, म्हणून रखमाजीनं या म्हाताऱ्याला राखणीला ठेवलं. तो आला आणि खरखर आली, दोन्ही एकाच दिवशी.

चिमाजीची पाळी दिवेलागणीपासून. मग रखमाजीचा भाऊ मानसिंग जायचा. पाळी बदलताना म्हातारा उभा राहायचा, खिंडीकडं टक लावून बघायचा आणि कंदील दोनदा वर-खाली करायचा. मानसिंगला बोलवायला, म्हणे. पण कंदील हलला की रघुवीरच्या कानात खरखर सुरू. पहिल्या दिवशी नऊला. आज आठ-चारला. ज्याच्याकडं घड्याळ नाही, तो माणूस रोज चार मिनिटं मोजतो कशी? खिंडीपलीकडून कुणी खूण केल्याशिवाय?

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमाजी गोठ्यात शेकत बसला होता. रघुवीर त्याच्याजवळ टेकला.

"बाबा, पाळी संपल्याचं तुम्हाला कळतं कसं?"

"कळतं की."

"घड्याळ आहे का?"

"आमी कुठलं घड्याळ बाळगतोय, मास्तर." म्हातारा हसला. "इतकी वर्सं झाली, कधी चुकलो न्हाई."

"कुणी सांगतं?"

चिमाजीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुमी लई इचारता," एवढंच म्हणून तो विस्तवात काटकी ढोसत राहिला.

रघुवीरला हवं ते उत्तर मिळालं. त्यानं चिमाजीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि चिठ्ठी ठकुबाईच्या टोपलीत घातली. सावळारामची माणसं खबऱ्याला नुसतं विचारून सोडत नसत, हे त्याला ठाऊक होतं. मागल्या महिन्यात त्यांनी एकाला नेऊन त्याच्या तळपायांवर काठ्या मारल्या होत्या, त्याचा पाय पुन्हा जमिनीला टेकला नव्हता. चिठ्ठी परत मागावी असं दिवसभरात चारदा तरी त्याच्या मनात आलं. पण ठकुबाई तोवर डोंगर उतरून गेली होती.

अंधार पडताना दोघं आले. घोंगडी पांघरलेले, हातात काठ्या. मचाणाखाली उभं राहून त्यांनी चिमाजीला हाक मारली.

"चला बाबा, सावळारामांनी बोलावलंय."

"आत्ता? पाळी हाय माझी."

"दुसरं कुणी बसंल."

रखमाजी धावत आला. "अवो, म्हातारा हाय त्यो. काय केलं त्यानं?" एकानं त्याला काठीनं बाजूला सारलं. रघुवीर मागं खाली मान घालून उभा होता.

चिमाजी सावकाश उतरला. आपल्याला कशाला नेतायत हे त्याला कळलंच नसावं, किंवा पुरतं कळलं असावं. त्यानं कंदील रघुवीरच्या हातात दिला.

"मानसिंग निजला आसंल. त्या खिंडीत इच्चवाची नांगी उतरली की त्याला कंदील दावा. चांदण्या त्या, रोज वाईच आधी उतरत्यात. ध्यान ठिवा, न्हाईतर डुकरं भात तुडवतील."

"हो," रघुवीर म्हणाला. त्याचं लक्ष त्या दोन काठ्यांकडं होतं.

तिघं बांधावरून गेले आणि दिसेनासे झाले. रघुवीर कंदील घेऊन पोटमाळ्यावर चढला. हेडफोन लावला, घड्याळ पुढ्यात ठेवलं. आज कंदील हलवणारा नव्हता. आज आठला खरखर आली नाही, तर आपलं बरोबर होतं.

सात सत्तावन्न. काही नाही. आठ वाजायचे होते, पण कंदील हलणार नव्हता; त्याला पंधरा दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं.

सात एकोणसाठ. अजून काही नाही. साडेआठच्या बातम्यांसाठी त्यानं पेन्सिलीला टोक काढलं, आणि मानसिंगची आठवण होऊन झरोक्यातून वर बघितलं.

विंचवाची नांगी खिंडीच्या काळ्या कडेवर आली होती. बघता बघता ती आत उतरली, आणि ठीक आठला त्याच्या कानात खरखर सुरू झाली. कंदील त्याच्या पायाशी तसाच होता, आणि रेडिओची तार त्या चांदण्यांच्याच रोखानं ताणलेली होती.